जीपचा वॉटर पंप गळतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः २५२३ सीसी डीआय इंजिनाच्या जुन्या महिंद्रा जीप आणि बोलेरो डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात रानावनात फिरणाऱ्या गाड्यांत याच जास्त. प्यूजो इंजिनाच्या जीपलाही बहुतेक सगळं तसंच लागू होतं. जिप्सीचा प्रश्न वेगळा घेतलाय.

सकाळी गाडीखाली पाणी दिसतं. पंपच गळतोय हे कशावरून समजायचं?

आधी एवढं बघा की ते एसीचं पाणी तर नाही ना. एसी असलेल्या गाडीत उन्हाळ्यात डाव्या बाजूला साधं, बेरंगी पाणी टपकतंच. बोटाला चिकट लागलं, हिरवा किंवा गुलाबी रंग दिसला, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते द्रव.

मग इंजिनाचा पुढचा भाग धुऊन कोरडा करा आणि रात्री खाली एक साधा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग कुठं पडलाय त्यावरून निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं टॉर्च आणि छोट्या आरशाचं. पंपाच्या पोटाखाली, पुलीच्या मागं, पेन्सिलीचं टोक जाईल एवढं भोक असतं. त्या भोकापासून खाली वाळलेल्या पाण्याचा पांढरा, हिरवट किंवा तांबूस ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. ओघळ पंप आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून आला असेल तर सील ठीक असू शकतं, पॅकिंग गेलंय.

गळतीचा शोध वरून खाली घ्यायचा, कारण पाणी खाली वाहतं आणि फॅन ते चारी बाजूंना उडवतो. थर्मोस्टॅटच्या डब्यातून पंपाकडं येणारा आखूड बायपास होज नेमका पंपाच्या डोक्यावर असतो. तो फुटला की सगळं पाणी पंपावरून ओघळतं आणि बिचाऱ्या पंपाच्या नावावर जातं. असे चांगले पंप बरेच भंगारात गेलेत. क्लिप सैल आहे का, होजला टोकाशी चिरा आहेत का, आधी ते बघा.

तरीही कळत नसेल तर गॅरेजमधल्या प्रेशर टेस्टरनं थंड इंजिनात दाब भरायचा. रेडिएटरच्या झाकणावर जितका आकडा लिहिलाय तितकाच, जास्त नाही. ०.९ बार लिहिलं असेल तर ०.९. पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि भोकातून थेंब आला, की विषय संपला.

पाणी दिसत नाही, पण इंजिनाच्या पुढून खर्र खर्र आवाज येतो.

इंजिन बंद करा, फॅन बेल्ट सैल करून उतरवा आणि फॅनचं पातं टोकाला धरून पुढं-मागं हलवा. बेल्ट चढलेला असताना ही परीक्षा घेऊ नका, तो ताणून धरतो आणि ढिलेपणा लपवतो. हाताला जाणवेल इतकी हालचाल म्हणजे बेअरिंग गेलं. नंतर हातानंच फिरवून बघा. चांगला पंप सीलमुळं थोडा जड पण सारखा फिरतो. खरखर लागली, मध्येच अडला, तर काढायलाच लागणार.

गळती अजून सुरू झाली नसली तरी होणार. दांडा डुलायला लागला की सीलची दोन तोंडं एकमेकांना नीट चिकटत नाहीत.

ते भोक एम-सील लावून बंद केलं तर?

करू नका. पंपात एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ग्रीस भरलेलं बेअरिंग, आणि मध्ये सील. सीलमधून पाझरलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून मुद्दाम ठेवलेली ती वाट आहे. बुजवली की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग तापतं आणि जाम होतं. फॅन त्याच दांड्यावर असल्यामुळं दांडा तुटला तर पाती सरळ रेडिएटरमध्ये घुसतात. सीलचं काम रेडिएटरच्या बिलावर जातं.

उलट, चिखलातून आल्यावर ते भोक तारेनं मोकळं करून ठेवा. खानापूरकडची तांबडी माती वाळली की त्यात घट्ट बसते आणि कुणी न सांगता एम-सीलचंच काम करते.

दिवसाला पाव लिटर जातंय. सुगी होईपर्यंत ढकलता येईल का?

दांडा घट्ट असेल, आवाज नसेल आणि गाडी गावातल्या गावात असेल, तर रोज सकाळी पाणी बघून काही दिवस निघतात. पण ट्रॉली ओढायची, घाट चढायचा किंवा रानात जायचं असेल तर नको. सीलची गळती हळूहळू वाढेल असा भरवसा नसतो. कार्बनच्या कडीचा टवका उडाला की पाव लिटरचे पाच लिटर एका दुपारी होतात. फॅन डुलत असेल तर एक किलोमीटरही नको.

गेल्या वर्षीच नवा पंप घातला होता. परत कसा गेला?

हा खरा प्रश्न, आणि तो विचारल्याशिवाय नवा पंप घेऊच नये. जुना पंप हातात आला की तो फेकून देण्याआधी उघडून वाचायचा. मेस्त्री बदललेला पंप तसाच ठेवून घेतात, तो मागून घ्या.

सीलची दोन तोंडं असतात: एक कार्बनची काळी कडी, दुसरं सिरॅमिकचं पांढरं किंवा धातूचं गुळगुळीत तोंड. दोन्ही आरशासारखी घासलेली असतात आणि मध्ये कूलंटचा अगदी पातळ थर राहतो, त्यावरच ती चालतात. नखानं चाचपून बघा. गोल गोल बारीक चरे नखाला लागले तर पाण्यात कचरा होता: गंज, क्षार, वाळू. चिकोडी, रायबाग, अथणीकडं बोअरचं पाणी जड. तेच रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की भांड्याच्या बुडाला बसतो तसा पांढरा थर इंजिनात बसतो आणि सुटा झालेला कण सीलला कापत जातो. पश्चिमेकडं, खानापूर भागात, पाणी मऊ असतं. पण साधं पाणी म्हणून तेही गंज चढवतंच.

काळी कडी तडकलेली, करपलेली किंवा निळसर डाग पडलेली असेल तर पंप कोरडा चालला. पाणी संपल्यावर गाडी ओढत नेली, किंवा पाणी भरल्यावर हवा काढली नाही.

सील ठीक, पण बेअरिंगचं ग्रीस दुधाळ किंवा तांबूस झालंय? मग पाणी शिरलं; एक तर भोक बुजलं होतं, नाही तर गाडी खोल ओढ्यात उभी राहिली होती. ग्रीस चांगलं आणि गोळ्यांची वाट एकाच बाजूला झिजलेली असेल तर बेल्ट फार ताणला होता. नवा डायनॅमो बसवताना बेल्ट तारेसारखा ताणायची खोड बऱ्याच हातांना असते. एखादं फॅनचं पातं वाकलेलं किंवा टोकाला तुटलेलं असेल तर तेही बघा. असा फॅन प्रत्येक फेऱ्यात बेअरिंगला ठोके देतो आणि नवा पंपही सहा महिन्यांत संपवतो.

इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाची, पाती मधमाशांच्या पोळ्यासारखी खड्डे पडलेली दिसली तर रेडिएटरचं झाकण संशयित. झाकण दाब धरत नसेल तर पंपाच्या तोंडाशी पाण्याचे बुडबुडे होतात आणि फुटताना धातू उकरतात. पंपाबरोबर झाकण बदलणं म्हणूनच वाया जात नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकली तर गळती थांबते म्हणतात.

रेडिएटरच्या नळीला सुईएवढं भोक असेल तर थांबतेही कधी कधी. बारीक पूड भोकात अडकून फुगते. पंपाचं सील फिरतं, त्यात हळद बसून राहत नाही. उलट दोन गुळगुळीत तोंडांच्या मध्ये जाऊन घासते. शिवाय ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागते. सांगलीची हळद कितीही चांगली असली तरी तिची जागा आमटीत. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींचंही तेच. रानात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं वापरलं असेल तर पंप बदलताना सगळी यंत्रणा धुऊन काढा.

नवा पंप घ्यावा की किट टाकून जुनाच करून घ्यावा?

बॉडी बिडाची आणि शाबूत असेल, तर किट हा चांगला मार्ग आहे. किटमध्ये दांड्यासकट बेअरिंग, सील, बहुधा इम्पेलर आणि पॅकिंग येतं. बेळगावच्या उद्यमबागेत प्रेस असलेली लेथची दुकानं आहेत; निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. पण काम प्रेसवर व्हायला हवं. हातोडीनं बसवलेला दांडा घेऊन येऊ नका.

बॉडीला आतून खड्डे पडले असतील, सील बसायची जागा गंजून खडबडीत झाली असेल, किंवा बेअरिंग बॉडीत सैल फिरत असेल, तर किटचे पैसे घालवू नका. नवा पंप घ्या. अॅल्युमिनियमच्या पंपांना आमचं मत सरळ नव्याकडं.

नवा घेताना जुना बरोबर न्या आणि दुकानातच शेजारी ठेवून बघा. बोल्टांची भोकं, इम्पेलरची पाती कुठल्या दिशेला वळलीत, इम्पेलरची खोली, आणि पुली बसते त्या हबची पॅकिंगच्या पृष्ठभागापासून उंची. उंचीत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी बेल्ट तिरका चालतो, कडेनं खातो आणि फॅन रेडिएटरच्या जाळीला लागायची भीती. पत्र्याचे नाजूक इम्पेलर असलेले स्वस्त पंप मिळतात. वजनात फरक हातालाच कळतो.

काम सुरू करण्याआधी काय जमवून ठेवू?

१०, १२, १३, १४ चे गोटी पाने आणि रिंग पाने, टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. प्लास्टिकचा किंवा लाकडी हातोडा, पॅकिंग खरवडायला पात्याचा स्क्रेपर, गंज सोडवणारं स्प्रे तेल, दहा लिटरचं घमेलं किंवा टब. वस्तूंमध्ये पंप किंवा किट, पॅकिंग, फॅन बेल्ट, बायपास होज, खालचा होज नरम झाला असेल तर तो, नव्या क्लिपा, थर्मोस्टॅट, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. बायपास होज वीतभरही नसतो, पण तो बदलायला नंतर परत निम्मं काम उचकटावं लागतं, आत्ताच बदला.

पंप काढायचा कसा?

इंजिन पूर्ण थंड. वरचा होज हातात धरवत नसेल तर झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं गरम पाणी झाकण उघडताच तोंडावर येतं. बॅटरीची मायनस वायर काढा.

रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडा, टब खाली ठेवा, मग झाकण काढा. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही उघडा, नाही तर पंप सुटताना उरलेलं पाणी अंगावर येतं. किती लिटर निघालं ते मोजून ठेवा.

फॅनभोवतीचं कव्हर सोडा. रेडिएटरच्या जाळीसमोर जाड पुठ्ठा उभा करा, पाना निसटला की जाळी चेपते. बेल्ट ताणलेला असतानाच पुलीचे बोल्ट थोडे सैल करा, म्हणजे पुली फिरत नाही. मग डायनॅमो आत ढकलून बेल्ट उतरवा, फॅन आणि पुली काढा. फॅनची कुठली बाजू पुढं होती ते खडूनं लिहा. उलटा बसवला तर हवा फार कमी ओढतो, आणि कारण सापडता सापडत नाही.

खालचा होज आणि बायपास होज सोडा. चिकटला असेल तर पिळून सोडवा. रेडिएटरच्या तोटीवर जोर दिला तर तोटीच सुटून येते.

आता पंपाचे बोल्ट. ते सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच त्या पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात पिळला तर ब्लॉक फुटतो, आखूड लांब भोकात गेला तर दोन आट्यांवर लटकतो. कुठल्या बोल्टाच्या आट्यांना कूलंट लागलंय तेही नोंदवा. ती भोकं पाण्याच्या पोकळीत उघडतात.

पंप चिकटून बसला असेल तर बाजूनं लाकडी हातोड्यानं टकटक करा. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथं पडलेली एक खाच नव्या पॅकिंगलाही गळायला लावते.

बोल्ट तुटला. आता?

बिडाच्या ब्लॉकात गंजलेले बोल्ट तुटतातच, विशेषतः पाण्यात उघडणाऱ्या भोकातले. म्हणून जोर लावायच्या आधी स्प्रे मारून रात्रभर ठेवा. डोक्यावर हातोड्याचे दोन-चार कडक ठोके द्या, आणि सोडताना पाव आटा मागं, थोडा पुढं, परत मागं असं करा.

तुटलाच आणि टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा. लाल असताना नाही, थोडं निवल्यावर पाना लावा. उष्णतेनं गंज सुटलेला असतो. आत तुटला असेल तर बरोबर मध्यभागी पंच मारून ड्रिल करावं लागतं. हात सरावलेला नसेल तर हे लेथवाल्यावर सोपवा.

पॅकिंगला सिलिकॉन किती लावायचं?

लोकांना वाटतं त्याच्या चौथाई.

आधी दोन्ही पृष्ठभाग साफ. ब्लॉकच्या भोकात कापड कोंबा म्हणजे खरवडलेलं आत जाणार नाही. ग्राइंडरची चकती वापरू नका, ती खड्डे पाडते आणि भुगा इंजिनात सोडते. शेवटी स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून मागून टॉर्च मारा. उजेडाची फट ठळक दिसली तर पंपाचं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी बोटानं पुसल्यासारखा पातळ थर पुरे. जाड थर लावला तर बोल्ट आवळताना तो आत पिळून येतो, त्याचे गोळे सुटतात आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात. ज्या पंपाला रबरी रिंग असते तिथं सिलिकॉन अजिबात नको, रिंग कूलंटनं ओली करून बसवा. पाण्याच्या पोकळीत जाणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना मात्र सीलंट लावलंच पाहिजे. पंप बदलूनही बोल्टाच्या डोक्याखालून पाझर येतो त्याचं कारण हेच.

सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, दोन फेऱ्यांत आवळा. मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल तर ८ मिमीच्या बोल्टाला साधारण २० न्यूटन-मीटर, म्हणजे दोन किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. ६ मिमीच्या बोल्टाला ८ ते १०. सिलिकॉन लावलं असेल तर पाणी भरायची घाई नको. ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, रात्रभर ठेवलं तर सगळ्यात बरं.

किट बसवताना लेथवाल्याला काय सांगू?

उघडण्याआधी व्हर्नियरनं हबची उंची मोजून लिहून द्या. बेअरिंगला अडकवणारी तार किंवा सर्क्लिप असेल तर आधी काढायला सांगा. ती आत ठेवून प्रेस दाबला की बॉडी तडकते. हब पुलरनं ओढायचा, ठोकायचा नाही.

नवं बेअरिंग बाहेरच्या कडीवर दाब देऊन बसवायचं. दांड्यावर दाब दिला तर गोळ्यांचे ठसे वाटेवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. बॉडी गरम पाण्यात तापवून घेतली तर जोर कमी लागतो. सीलचा पितळी कप बाहेरच्या काठावर बसेल अशा नळीनं दाबायचा. सीलच्या तोंडाला तेलकट बोट लागू देऊ नका, ग्रीस तर नाहीच. शेवटी इम्पेलर. बॉडीला न घासता जवळून फिरला पाहिजे, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फट. दांड्यावर तो घट्ट बसतोय का ते बघा. सैल जात असेल तर इम्पेलर बदला, चिकटवू नका.

कूलंट घालायचं की पाणी चालतं?

साधं पाणी थंड छान करतं, पण गंज चढवतं आणि लवकर उकळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशांवरच उकळतं. निम्मं कूलंट आणि ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर तीच मर्यादा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते.

आठ लिटर निघालं असेल तर चार लिटर कूलंट, चार लिटर डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेला डबा असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका, डब्यावर वाचा. हिरव्यात गुलाबी मिसळायचं नाही, कारण प्रश्न रंगाचा नसून आतल्या रसायनांचा आहे. ती जमली नाहीत तर गाळ होतो. आधी जुनं काढून स्वच्छ पाणी येईल तोवर धुऊन घ्या.

हवा कशी काढू?

गाडीचं तोंड चढाला करून उभी करा. हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण उघडा. हळूहळू ओता, मध्ये होज दाबत राहा, बुडबुडे वर येतील. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि रेडिएटरमधली पातळी खाली बसते. तेव्हा भरून घ्या, झाकण लावा, पाच-दहा किलोमीटर फिरून या, थंड झाल्यावर परत बघा.

बुडबुडे थांबतच नसतील, अॅक्सिलरेटर दिला की वाढत असतील, तर ती हवा नाही. हेड पॅकिंगमधून सिलेंडरचा वायू पाण्यात येतोय. पंपाकडून मोर्चा हेडकडं वळवा.

बेल्ट किती ताणू?

दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं जोरात दाबा. १० ते १२ मिमी आत गेला पाहिजे. नवा बेल्ट पंधरा मिनिटं चालल्यावर थोडा सैल होतो, परत ताणा. बेल्टचं पोट चकचकीत दिसलं तर तो खोबणीच्या तळाला टेकून घसरतोय, बदला.

नवा पंप घातला तरी भोकातून थेंब आला.

पहिल्या काही मिनिटांत दोन-चार थेंब आले तर घाबरू नका. सीलची तोंडं एकमेकांवर बसेपर्यंत असं होतं. दुसऱ्या दिवशीही येत असेल तर पंप परत करा.

गळती गेली, पण आता गाडी तापते.

हवा अडकली असेल हा पहिला संशय. मग फॅन उलटा, बेल्ट सैल, थर्मोस्टॅट उलटा, आणि शेवटी इम्पेलर दांड्यावर घसरतोय. याखेरीज रेडिएटरची जाळी. चिखल बाहेरून दिसत नाही, दोन जाळ्यांच्या मध्ये बसतो. आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूनं पुढं, साध्या दाबाच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा पंप जवळून मारला तर पत्र्या आडव्या होतात.

जिप्सीला एवढंच काम आहे का?

नाही. पंप फॅन बेल्टवरच फिरतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला टायमिंगचं कव्हर उतरवावं लागतं. आधी टायमिंगच्या खुणा जुळवून घ्या आणि मगच हात घाला. एवढं उघडल्यावर जुना टायमिंग बेल्ट परत चढवणं म्हणजे त्याच कामाला दोनदा मजुरी. पंपाच्या गळतीनं भिजलेला बेल्ट तर ठेवूच नका.

पावसाळ्यात ओढा ओलांडताना पंपाला काय जपायचं?

तापलेलं इंजिन थेट पाण्यात घालू नका, पाच मिनिटं थांबा. पाणी फॅनपर्यंत येणार असेल तर पाती पाण्याला आपटून पुढं वाकतात आणि जाळी कापतात. पुढं ताडपत्री बांधा, पहिला गिअर, वेग सारखा ठेवा. छोट्या पल्ल्यासाठी बेल्ट उतरवून जाणारेही आहेत. पण तेव्हा पंप आणि डायनॅमो दोन्ही बंद असतात, त्यामुळं पलीकडं जाताच चढवायचा. म्हादई किंवा मलप्रभेच्या खोऱ्यातला ओढा तांबडा होऊन वाहत असेल तर पंपाची काळजी सोडा आणि गाडी अलीकडं ठेवा.

चोर्ला घाटात पंप फुटला, रेंज नाही.

आधी काटा समजून घ्या. तो वर चढला आणि अचानक खाली आला, तर गाडी थंड झालेली नसते. पाणी संपलंय आणि सेन्सर नुसत्या वाफेत लटकतोय. लगेच इंजिन बंद. अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं.

फॅन डुलत नसेल तर पाणी भरा आणि झाकण पहिल्या खाचेवरच ठेवा. दाब कमी, म्हणून गळती कमी. पण पाणी लवकर उकळेल, तेव्हा हीटर पूर्ण चालू, गिअर हलका, दर चार-पाच किलोमीटरला थांबून पाणी बघा. मागं दहा लिटरचा कॅन हवाच. कणकुंबीला पोचलात की मदत मिळते. फॅन डुलत असेल तर ओढूनच न्या.

बैलहोंगलकडं गाडी बंद पडली, मेस्त्री कन्नडच बोलतो.

बोट दाखवून ‘नीर सोराकत्तैती’ म्हणा, पाणी गळतंय. पंप, बेल्ट, सील, पॅकिंग, होज हे शब्द दोन्हीकडं तेच आहेत. तुटलेला भाग परत मागायला मात्र विसरू नका.

काढलेलं कूलंट गटारात ओतलं तर चालतं का?

नको. ते गोड लागतं आणि विषारी आहे. अंगणात घमेलं उघडं राहिलं तर कुत्रं किंवा वासरू तोंड लावतं, आणि थोड्यानंही जीव जातो. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ लिहा, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडं द्या. फरशीवर सांडलेल्यावर माती किंवा भुसा टाकून तो उचला, मग पाण्यानं धुवा.